चमत्कार स्वस्त पडतो

सिनेमातल्या माझ्या भावानं डोळे मिटले, उजवा हात वर केला आणि गाणं म्हणत म्हणत एका मेल्यागत पडलेल्या पोरीला उठवून उभं केलं. मी हातातला कप खाली ठेवला आणि म्हटलं, "बंद कर."

स्वप्निलला वाटलं, म्हातारीला आवाज मोठा होतोय. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

"आवाज नाही रे बाबा. सिनेमा बंद कर."

माझा भाऊ देवमन गाऊन प्रचार करायचा. छप्पन साली आमच्या गावानं धम्म स्वीकारला तेव्हा तो शाळेत होता. लोकांनी घरातले देव नेऊन नदीत सोडले. पण नवस, अंगात येणं, गंडेदोरे ही सगळी मंडळी मनात मुक्काम ठोकून होती. त्यांना हुसकावण्यात दादाचा जन्म गेला. पेटी, ढोलकी, दोन-चार कोरसवाले, त्यात मी. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत काळ्या रानातली कितीतरी गावं आम्ही बैलगाडीनं, एसटीनं, पायी पालथी घातली. दोन गाण्यांच्या मधे दादा बोलायचा. पोरींना शाळेत घाला. हातभट्टी सोडा. आणि कार्यक्रम कुठलाही असो, हे ठरलेलं: आजारी माणसाला मांत्रिकाकडे नेऊ नका, दवाखान्यात न्या. त्याचं एक गाणंच होतं, 'बाई नवस नको बोलू, दवाखान्याची वाट धर.' बायका जात्यावर म्हणायच्या ते.

अशा माणसाच्या हातून या पोरानं चमत्कार करवला होता.

स्वप्निल वाईट मुलगा नाही. आमच्याच समाजातला, अमरावतीचा, लग्नाचे व्हिडिओ काढून पोट भरणारा. दादावर सिनेमा काढायचं त्याच्या डोक्यात आलं आणि त्यानं होतं नव्हतं ते त्यात घातलं. पैसा कमी, म्हणून गर्दीतली तीच माणसं फेटा बदलून पुन्हा पुन्हा समोर येत होती. मित्राचा बगीचा फुकट मिळाला, म्हणून माझा खारपाणपट्ट्यातला, खाऱ्या पाण्याच्या मुलखातला भाऊ शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या झाडांतून गात हिंडत होता. चिखलदऱ्याच्या धुक्यात तो चिंतन करत बसलेला दाखवला होता. दादानं चिखलदरा पाहिला तो म्हातारपणी, मी शिकवायची त्या शाळेच्या सहलीबरोबर, आणि तिथं त्याला थंडी वाजून ताप भरला होता. अकोल्याच्या जठारपेठेतल्या गल्लीत जुना काळ दाखवायला डिशच्या छत्र्यांवर चादरी टाकल्या होत्या, त्या वाऱ्यानं उडत होत्या. हे सगळं मी गिळलं. गरिबाचा सिनेमा, चालायचंच. गाणी मात्र गिळता आली नाहीत.

आमची गाणी ज्या चालींवर होती त्या चाली सिनेमाच्या होत्या. यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा सगळेच तसं करायचे. जी चाल हॉटेलातल्या रेडिओवर, लग्नाच्या भोंग्यावर वाजते, जी गड्याच्या तोंडी आधीच बसलेली आहे, तिच्यात शहाणपणाचे शब्द भरायचे. माणूस ओळखीच्या चालीपाशी थांबतो, आणि थांबला की शब्द ऐकतो. पण दादानं व्यासपीठावरून जाहीर केलं होतं की मी टॉकीजची पायरी चढणार नाही, कारण आमच्या गड्यांची आठवड्याची मजुरी अकोल्याच्या टॉकीजमध्ये आणि शेजारच्या गुत्त्यात जात होती. मग चाल आणायची कोणी? आम्ही. मी आणि आमच्या शेजारची जाईबाई.

रविवारच्या दुपारच्या खेळाला आम्ही दोघी जायचो. मुखडा मी धरायचा, अंतरा जाईबाईनं. खेळ सुटला की घरी पोचेपर्यंत एकमेकींशी एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर चाल सांडते. वाटेत कोणी हाक मारली तर नुसता हात हलवायचा. लोक म्हणायचे, ह्या दोघींचं भांडण झालं वाटतं. घरी आलो की ओसरीवर बसून आधी मी ओतायची, मग ती. मधला तुकडा कधी वाटेतच गळालेला असायचा, तिथं दादा आपलं काहीतरी बसवायचा. असं करत करत ती चाल आमचीच होऊन जायची. आणि कार्यक्रमात तो सांगायचा, "चाल बायांनी आणली, शब्द माहे आहेत. नावं ठेवाची असतीन त शब्दाले ठेवा."

स्वप्निलच्या सिनेमात जाईबाई नव्हती, टॉकीज नव्हतं, आणि चालीही नव्हत्या. त्यानं एका पोराकडून कीबोर्डवर नव्या चाली करून घेतल्या होत्या, मोबाईलवर कोणाचा फोन आल्यासारख्या.

"आजी, त्या चाली घेतल्या त कंपन्या कोर्टात नेतीन आपल्याले," तो म्हणाला. "आपला जीव केवढा!"

"ते समजलं मला. पण चमत्कार कोणत्या कंपनीनं सांगितला?"

तो टीव्हीचा रिमोट हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "लोक काहून जमले हे त दाखवा लागते नं. नव्या चालीवर गानं ठेवलं आन् मांगं गर्दी दाखवली. पटूनच नाई राहिलं. गर्दी काहून जमून राहिली बाप्पा, असं वाटते."

"तुझ्या त्या चाली ऐकून मीही जमले नसते."

तो हसला. मी हसले नाही.

"ती पोरगी खरी आहे, स्वप्निल. दर्यापूरकडच्या गावात कार्यक्रम होता, मी दादाच्या मागंच बसले होते. घाण पाण्यानं गावात हगवण-उलट्यांची साथ होती. पोरगी आईच्या मांडीवर निपचित पडली. दादानं गाणं अर्ध्यावर टाकलं आणि तिला ट्रकमध्ये घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. तिला सलाईननं उठवलं. त्या गावानं पुढं वर्षभर आम्हाला बोलावलं नाही, कार्यक्रम टाकून पळाला म्हणून. हे दाखव की. यात कमी काय आहे?"

"काही कमी नाई. दाखवलं असतं. पन ट्रक कुठून आनू? त्या काळचा ट्रक, दवाखाना, तिथली परवानगी, डॉक्टर, नर्स, त्यायचे कपडे. रस्त्यावरचं शूटिंग वेगळं. अन् चमत्काराले काय लागते? एक पोट्टी, एक सतरंजी, मांगून पिवळा लाईट." त्यानं हात पसरले. "चमत्कार स्वस्त पडतो, आजी."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच संताप आला. म्हणजे या देशात एवढे बाबा काय उगाच उगवत नाहीत.

तो माझ्याकडे आला होता तो माझा होकार घ्यायला. दादाला मूलबाळ नव्हतं, वहिनी त्याच्या आधी गेली. गाण्यांचे शब्द आता माझ्या हाती. मी नाही म्हटलं तर सिनेमातली सगळी गाणी जाणार, आणि गाणी गेली तर सिनेमात संत्री तेवढी उरणार.

"तुमी नाई म्हटलं त डब्यात जाईन सिनेमा," स्वप्निल म्हणाला. "जाऊ द्या. माहं नुकसान झालं त झालं. पन मंग दादाले कोन ओयखीन? सांगा तुमी."

हे त्यानं खरं दुखतं तिथं बोट ठेवलं. विहारात दादाचा फोटो आहे. मागच्या पौर्णिमेला एका कॉलेजच्या मुलीनं मलाच विचारलं होतं, "आजी, हे कोणत्या पक्षाचे?" कॅसेटी आहेत, वाजवायला टेप नाही. गाणाऱ्या बायका एकेक करून गेल्या, जाईबाईही गेली. मी गेले की देवमन नावाचा माणूस होता हे सांगायलाही कोणी नाही. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. भाऊ विसरला जाऊ द्यायचा, नाहीतर ज्यांच्याविरुद्ध तो जन्मभर गायला त्यांच्यातलाच एक करून त्याला मिरवू द्यायचा.

"हे चमत्काराचं तुझ्या डोक्यातून आलं?" मी विचारलं.

"नाई जी. मनकर्णाबाईनंच सांगतलं. त्याच त्या पोट्टी होत्या नं."

मनकर्णा! मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी अमरावतीहून अकोल्याची एसटी धरली. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट लागत नाही, त्यामुळे भांडायला जाणं परवडतं.

मनकर्णा जठारपेठेत, दुकानांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहते. तीही आता साठीच्या पुढची. मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. दारातून आत गेले आणि समोरच्या भिंतीवर दादाचा फोटो दिसला. फोटोला ताजा हार, वर लाल बल्ब. देवाच्या फोटोला असतात तसे.

"या, दुर्गाआत्या, या! अवो, फोन त कराचा. पानी घ्या. ऊन काय तपून राहिलं."

"पानी मंग. तू त्या स्वप्निलले काय सांगतलं?"

"जे झालं ते."

"काय झालं?"

"दादानं गानं म्हटलं, मी उठली."

"कुठी उठली?"

"दवाखान्यात."

"मंग?"

"मंग काय? उठली का नाई?"

"सलाईन लावली होती तुले, मनकर्णे! दोन दिवस होती तिथी. मी बसली होती उशाशी."

"लावली असन," ती शांतपणे म्हणाली. "मी डोये मिटून होती. मले सुई आठवत नाई, आत्या, गानं आठवते. आतापावतर कानात हाये."

"पडायच्या आधी शेवटचं तेच ऐकलं तू, म्हणून आठवते. तू पडली अन् त्यानं गाणं थांबवलं."

"तुमी म्हंता त असन. मायले इचारलं असतं, पन ते सांगाले राहिलीच कुठी? मी आठ वर्साची नोती झाली त गेली."

तेवढ्यात शेजारची एक सून कडेवर पोर घेऊन दारात आली. पोराचं अंग तापलेलं होतं. "मोठीआई, हात ठेवा नं जरा." मनकर्णानं फोटोकडे पाहिलं, पोराच्या डोक्यावर हात ठेवला, ओठातल्या ओठात दादाच्या गाण्याची ओळ म्हटली. कोणती ओळ? 'बाई नवस नको बोलू.' मग म्हणाली, "आता डॉक्टरकडे जाय हो."

"आधी जात जा डॉक्टरकडे!" मी ओरडले. सून घाबरून पळाली.

"काहून वरडता लेकरावर?" मनकर्णाचाही आवाज चढला. "डॉक्टरकडे धाडलंच नं मी?"

"त्याच्या फोटोले हार घालतं, बल्ब लावतं. त्यानं काय सांगतलं जन्मभर, ऐकलं का कधी?"

"ऐकलं. लेक शिकवली मी माही, नर्स हाये ते पुण्याले. दारूच्या पायी नवऱ्याले घराबाहेर काढलं. कोनाचं ऐकून काढलं?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आत्या, मी लोकायची भांडी घासली. ह्या गल्लीत मले मनकर्णा म्हणून कोनी ओयखत नोतं. देवमनदादाच्या गान्यानं उठलेली, म्हणून ओयखते. सभेत पुढच्या खुर्चीवर बसवते. तुमी आता मले काय सलाईनवाली कराले आल्या का?"

तिचं खोटं नव्हतं. पण दुसऱ्याचं पटलं म्हणून राग जातो असं नाही. पाणी न पिताच मी निघाले. ती दारापर्यंत आली नाही. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते आणि दर वेळी तीच जिंकत होती. तिचं सगळं कबूल केलं तरी ते कडेवरचं तापलेलं पोर डोळ्यांपुढून हलेना. आज ही बाई हात ठेवून डॉक्टरकडे पाठवते. सिनेमा पाहिल्यावर उद्याची बाई नुसता हात ठेवेल.

घरी येऊन स्वप्निलला फोन केला. "गाण्यांचे शब्द देते. तो प्रसंग काढ. नाही काढलास तर एक ओळ वापरायची नाही, आणि मी खरंच कोर्टात जाईन. कंपनीसारखी."

"आजी, तिथी खड्डा पडते. पोट्टी पडली, गानं थांबलं, अन् पुढं काय?"

"पडू दे खड्डा."

त्यानं ऐकलं. मला पाठवून दाखवलंही. पोरगी पडते, आई किंचाळते, गाणं तुटतं, पडदा काळा होतो. मग एकदम मोठी सभा. मला बरं वाटलं. ट्रक नसेना, खोटं तरी नाही.

अमरावतीत पहिला खेळ एका सांस्कृतिक सभागृहात ठेवला होता. खुर्च्या कमी पडल्या, तरणी पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. गर्दी पाहून माझा ऊर भरून आला, हे खोटं कशाला सांगू. एवढी माणसं दादासाठी त्याच्या मरणानंतर पहिल्यांदाच जमत होती. संयोजकांनी मनकर्णालाही बोलावलं होतं. पांढरी साडी, कडक इस्त्री. पुढच्या रांगेत तिला माझ्याच शेजारी बसवलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

सिनेमा सुरू झाला. गर्दीतला तोच माणूस तिसऱ्यांदा दिसल्यावर पोरं हसली, उडत्या चादरींना शिट्ट्या पडल्या. मग ती संध्याकाळ आली. आईच्या मांडीवरची पोरगी लवंडली. किंकाळी. गाणं तुटलं. काळोख.

आणि त्या काळोखात टाळ्या पडल्या.

मला आधी कळलंच नाही. मागची एक बाई नातवाला सांगत होती, "पाह्य, आता ते उठली बरं." कोणीतरी ओरडलं, "देवमनबाबा की जय!" बाबा. पडद्यावर सभा आली तेव्हा माझ्या डाव्या हाताच्या रांगेतल्या बाईनं हात जोडलेले होते. मी जो खड्डा पाडून घेतला होता तो लोकांनी आपल्याजवळचंच घालून बुजवला होता. मोबाईलवरून, गल्लीगल्लीतून ती गोष्ट सिनेमाच्या आधीच सगळ्यांकडे पोचली होती. न दाखवल्यानं ती पक्की झाली. आता तर ज्यानं त्यानं ती स्वतः पाहिली होती.

मी उभी राहिले.

"ते पोट्टी गाण्यानं उठली नाही!" माझा आवाज कोरसचा आहे, अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. "थांबव रे स्वप्निल!"

स्वप्निलनं थांबवलं नाही. कीबोर्ड वाजत राहिला.

"आजी, खाली बसा," मागून एक जण म्हणाला. "दिसून नाई राहिलं आमाले."

"तुमाले तसंबी काही दिसून नाही राहिलं."

हशा झाला. कोणी म्हणालं, भाऊच होता नं यायचा, जाऊ द्या, मन भरून आलं असन. कोणी शुक् शुक् केलं. मला रडू येईल की काय अशी भीती वाटत होती, कारण रडले असते तर त्यांनी मला पाणी देऊन बसवलं असतं आणि संपलं असतं. "त्यानं गाणं टाकलं!" मी म्हटलं. "गाणं टाकून पोरीले उचललं अन् पळाला तो! हे मोठं नाही का तुमाले?"

मनकर्णानं माझा पदर ओढला. "बसा आत्या. लोक हासून राहिले."

"हासू दे."

तिनं पदर सोडला. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर येत-जात होता. मग, मागचं कोणी ऐकू नये अशा आवाजात तिनं विचारलं, "ट्रकमधी माय होती का?"

जठारपेठेत मी तिला सुई सांगितली होती, सलाईन सांगितली होती, तिची चूक सांगितली होती. हे सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नाही, आणि मला रागापुढं सुचलं नाही.

"होती. केशरबाई होती. तुह्यं डोकं तिच्या मांडीवर होतं."

"काय करत होती?"

"शिव्या देत होती."

"कोनाले?"

"दादाले. आधी पाय धरले त्याचे, गा म्हणे, दादा, थांबू नको, गा, माही पोरगी जाईन. त्यानं पाय सोडवून घेतले. जोरात सोडवले, ते पडली. मग त्यानं तुले उचललं. ट्रकमधी तिनं पदर ओला करून तुह्ये ओठ पुसले सारी वाट, अन् सारी वाट त्याले शिव्या दिल्या. एवढा मोठा गाणारा अन् माह्या लेकीसाठी तोंड उघडत नाही म्हणे."

"अन् दादा?"

"एक शब्द नाही बोलला. घाबरला होता तो. तुही नाडी धरून बसला होता, ते लागून नोती राहिली त्याले. हात इतके कापत होते की मी त्याचा हात बाजूले करून माहा ठेवला."

मनकर्णा उठून उभी राहिली. मला वाटलं, निघाली. ती माझ्याकडे तोंड करून, प्रोजेक्टरच्या उजेडात मधोमध उभी राहिली. तिची सावली पडद्यावरच्या सभेवर पडली, मागून ओरडा झाला.

"मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "माय अजून काय म्हने?"

दुसऱ्या रांगेतल्या दोन-तीन बायका पुढं वाकल्या. पडद्यावर माझ्या भावाला हार घालत होते, एकावर एक, त्याचं तोंड दिसेनासं झालं होतं. मी तिकडे पाठ केली आणि केशरबाईनं दवाखान्याच्या फाटकात काय केलं ते सांगू लागले.